वस्तरा, बंदूक आणि परवाना

हॅरोमध्ये उद्या केस कापायचं दुकान काढायचं तुमच्या मनात आलं, तर हातात कात्री धरण्यासाठी तुम्हाला कोणाचाही परवाना लागणार नाही. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, ठरावीक तासांची उमेदवारीही नाही. जागेचा करार, विमा, स्वच्छतेचे आणि सुरक्षिततेचे नियम हे सगळं आहे. पण ‘या माणसाला केस कापता येतात’ असं कुणी लिहून द्यावं लागत नाही. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात मॅनिक्युअरचं टेबल मांडलंत किंवा कान टोचायला सुरुवात केलीत, तर मात्र पालिकेचा परवाना हवा. लंडनच्या पालिकांसाठी १९९१ साली झालेल्या कायद्यात मसाज, मॅनिक्युअर, ॲक्युपंक्चर, गोंदण आणि टोचणं यांना ‘विशेष उपचार’ म्हटलं आहे. केस कापणं त्या यादीत नाही. नखांना परवाना लागतो, डोक्याला लागत नाही.

आता समजा, तुम्हाला शॉटगन हवी आहे. मग अर्ज लंडनच्या पोलिसांकडे जातो. तुमच्या डॉक्टरांकडून तब्येतीची, त्यात मनाच्याही तब्येतीची, माहिती मागवली जाते. पोलीस घरी येतात, बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलं आहे का ते पाहतात. मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. त्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

हे वाचून ह्यूस्टन किंवा डॅलसमधल्या वाचकांना गंमत वाटेल. टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगून फिरायला परवाना लागत नाही. दुसऱ्याचे केस पैसे घेऊन कापायला मात्र लागतो, आणि त्यासाठी शेकडो तासांचं प्रशिक्षणही पुरं करावं लागतं.

एकाच भाषेत कायदे लिहिणारे हे दोन देश इतके उलटे कसे? ‘इंग्रज शहाणे, अमेरिकन वेडे’ असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. परवाना हा धोक्याच्या मापानं बेतलेला नसतो. कोणत्या काळात, कोणावर, कोणाचा विश्वास उरला नव्हता, याची ती नोंद असते. ही नोंद आपल्या, म्हणजे मराठी माणसांच्या, इतिहासातही आहे, आणि ती हॅरोच्या टेकडीपर्यंत येऊन पोचते.

कात्रीचा परवाना

लंडनमध्ये न्हाव्यांवर कधी नियंत्रण नव्हतं असं मुळीच नाही. १३०८ साली लंडन शहरानं न्हाव्यांवर देखरेख करायला एक मुखिया नेमला. १४६२ मध्ये न्हाव्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यविशारद यांचा एकच संघ झाला. केस, दाढी, रक्त काढणं, दात उपटणं हे सगळं एकाच घराण्यातलं काम होतं, कारण हत्यार जवळपास एकच होतं. १५४० च्या कायद्यानं त्यात रेषा ओढली: न्हाव्यानं दात उपटावेत आणि रक्त काढावं, पण शस्त्रक्रिया करू नये, शल्यविशारदानं दाढी करू नये. १७४५ मध्ये दोघे कायमचे वेगळे झाले. शल्यविशारदांच्या वाट्याला प्रतिष्ठा आली, परीक्षा आल्या आणि पुढे कडक परवाना आला. न्हाव्यांच्या हाती वस्तरा उरला, आणि संघाची पकड हळूहळू सुटत गेली. ज्याच्या चुकीनं जीव जाऊ शकतो त्या कामाला परवाना, बाकीचं खुलं, अशी ती वाटणी होती.

विसाव्या शतकात इथल्या केशकर्तनकारांनी पुन्हा प्रयत्न केला. १९६४ साली नोंदणीचा कायदा झाला, एक परिषद स्थापन झाली. पण संसदेनं ती नोंदणी ऐच्छिक ठेवली. नाव नोंदवलंत तर ‘शासन-नोंदणीकृत’ म्हणवून घेता येतं. नाही नोंदवलंत तरी दुकान चालतं. बहुसंख्य कारागिरांनी नोंदवलेलं नाही. सक्तीच्या नोंदणीची मागणी तेव्हापासून पुनःपुन्हा होते आणि पुनःपुन्हा मागे पडते.

अमेरिकेत उलट झालं. १८९७ साली मिनेसोटानं न्हाव्यांना परवाना सक्तीचा केला आणि एकेक राज्य त्या वाटेनं गेलं. कारण सांगितलं गेलं ते स्वच्छतेचं, आणि त्या काळात ते खोटंही नव्हतं. एका वस्तऱ्यानं दहा जणांची दाढी केली की त्वचेचे रोग पसरत. पण संघटित न्हाव्यांना स्वस्तात काम करणारे नवे लोक धंद्यात नको होते, हेही एक कारण होतं. परवाना आला की आधीपासून आत असलेल्यांना दार लावून घेता येतं.

त्या दाराशी शंभर वर्षांनी आपलीच माणसं जाऊन थडकली. टेक्सासमध्ये दोऱ्यानं भुवया कोरणाऱ्यांना ७५० तासांचं सौंदर्यप्रसाधनाचं शिक्षण सक्तीचं होतं, आणि त्यातले बरेच तास दोऱ्याशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींचे होते. भारतात कोपऱ्यावरच्या पार्लरमधली मुलगी जे काम बघून बघून शिकते, त्यासाठी ही अट. आशिष पटेल आणि इतर काही जण राज्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०१५ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: या कामाच्या मानानं हे ओझं जाचक आहे. अमेरिकेतल्या परवानापद्धतीवरच्या वादात हा खटला आजही पुढे केला जातो. त्याच्या मुळाशी एक साधा दोरा आहे.

आपल्याकडचा न लिहिलेला परवाना

महाराष्ट्राच्या गावगाड्यात न्हाव्याला सरकारी परवाना कधीच नव्हता. त्याहून पक्की गोष्ट होती. तो बारा बलुतेदारांपैकी एक. गावातली घरं त्याची ठरलेली, सुगीला मिळणारं धान्य ठरलेलं, लग्नामुंजीतला त्याचा मान आणि त्याचं कामही ठरलेलं. दुसऱ्या जातीच्या माणसानं वस्तरा हातात घ्यायचा नाही आणि त्यानं तो खाली ठेवायचा नाही. परवान्याची मुदत संपते. ही व्यवस्था बापाकडून मुलाकडे जात राहते.

त्या व्यवस्थेत कोणाचे केस कापायचे हेही ठरलेलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिलं आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसे होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची, आणि सरावानं त्यात तरबेज झाली होती. केस कापण्यासारख्या साध्या कामात ‘कोणाला मनाई’ हा प्रश्न किती खोल असू शकतो, हे त्या एका तपशिलातून कळतं.

याच व्यवस्थेत न्हाव्याच्या वाट्याला आणखी एक काम होतं: विधवांचं केशवपन. विधवा दहा वर्षांची असो की चाळीसची, उच्चवर्णीय घरांतून न्हाव्याला बोलावणं यायचं. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि हे काम आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात विधवांच्या बाजूनं लिहिणारे, बोलणारे, ठराव करणारे बरेच होते. इथे ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. त्यात त्यांचं उत्पन्न होतं, आणि गावचा, घरमालकांचा रोषही पत्करायचा होता. कोणत्याही कायद्यानं त्यांना हे काम करायला सांगितलं नव्हतं आणि कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता.

म्हणून हॅरोच्या रस्त्यावर कुणीही, कोणत्याही जातीच्या माणसानं सलून काढावं आणि कुणीही त्या खुर्चीत जाऊन बसावं, ही गोष्ट इंग्रजाला दिसते त्यापेक्षा आपल्याला वेगळी दिसायला हवी. त्याच्या लेखी ती नियमांची ढिलाई असेल. आपल्या लेखी ती एका फार जुन्या मनाईतून झालेली सुटका आहे.

टेकडीवरची बंदूक

आता दुसऱ्या परवान्याकडे येऊ. हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनच्या वर टेकडीवर हॅरो स्कूल आहे, १५७२ साली पहिल्या एलिझाबेथच्या सनदेनं स्थापन झालेली. १८५९-६० च्या सुमाराला फ्रान्स स्वारी करील या धास्तीनं इंग्लंडभर स्वयंसेवक रायफल पथकं निघाली. मोठ्या निवासी शाळांनीही आपापली पथकं काढली, त्यात हॅरो होती. १८६१ पासून या शाळांमध्ये ॲशबर्टन ढालीसाठी नेमबाजीच्या स्पर्धा सुरू झाल्या. आधी विंबल्डनला, आणि १८९० पासून सरे परगण्यातल्या बिझ्लीला. विन्स्टन चर्चिल १८८८ ते १८९२ हॅरोत होते. ते शाळेच्या रायफल पथकात होते आणि मार्टिनी-हेन्री रायफल चालवायला तिथेच शिकले. मुलांना बंदुकीची शिस्त शिकवणं हा त्या शाळेत वादाचा विषय नव्हता. तो अभ्यासाचा भाग होता.

१९०५ मध्ये याच शाळेत पंधरा वर्षांचे जवाहरलाल नेहरू आले. शाळेच्या छात्रपथकाच्या गणवेशातला त्यांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्या फोटोतली विसंगती लक्षात घ्यायला दोन कायदे शेजारीशेजारी ठेवावे लागतात.

पहिला, इंग्लंडमधला १८७० चा. घराबाहेर बंदूक न्यायची तर पोस्टात जाऊन दहा शिलिंग भरायचे आणि परवाना घ्यायचा. तुम्ही कोण, कशाला हवी, काही विचारणा नाही. सरकारला महसूल हवा होता, इतकंच. दुसरा, भारतातला १८७८ चा शस्त्र कायदा, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळातला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा, आणि परवाना देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून सूट. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. १८५७ ची आठवण ताजी होती आणि राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेची भीती वाटत होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. जंगलाकाठच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक वाचवायला बंदूक मिळत नाही ही तक्रार त्यांत होती, आणि ‘आमच्याच देशात आम्ही अविश्वासू ठरलो’ ही बोचही होती.

म्हणजे टेकडीवरच्या एका हिंदी मुलाच्या हातात शाळा स्वतःहून रायफल देत होती, आणि त्याच्या देशात त्याच्याच वयाच्या मुलाला ती धरणं गुन्हा होता. परवान्याचं नाव एक, पण इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ ‘पैसे भरा’ असा होता आणि हिंदुस्थानात ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असा.

या अविश्वासाचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. हॅरोपासून काही मैलांवर हायगेटमध्ये इंडिया हाऊस होतं. विनायक दामोदर सावरकरांनी तिथून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं ट्रंकेच्या चोरकप्प्यातून मुंबईला पोचली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांतल्याच पिस्तुलातून अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जुलैत मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली यांना मारलं. नेमबाजीचा सराव त्यांनी टॉटनम कोर्ट रोडवर, कुणालाही पैसे भरून जाता येईल अशा ठिकाणी केला होता. कान्हेरे तेव्हा अठराच्या आतबाहेरचे होते. त्यांचं मोल काय करायचं हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे मुद्दा एवढाच की भारतातल्या कडक परवान्यानं बंदुका थांबल्या नाहीत. त्या जिथे मोकळ्या मिळत होत्या तिथून, म्हणजे लंडनमधून, आल्या.

मुलांच्या मृत्यूनंतर

मग आजचा इंग्लंडमधला कडकपणा आला कुठून? त्याची सुरुवातही भीतीतूनच झाली. पहिल्या महायुद्धानंतर लाखो सैनिक बंदूक चालवायला शिकून घरी आले होते, रशियात क्रांती झाली होती आणि आयर्लंड पेटलं होतं. १९२० च्या कायद्यानं बंदुकीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, आणि त्यासाठी ‘सबळ कारण’ दाखवण्याची अट घातली. दिल्लीत प्रजेबद्दल जी शंका होती, ती आता लंडनमध्ये स्वतःच्या कामगारांबद्दल आली. साम्राज्याचे कायदे असे कधीकधी घरी परत येतात.

त्यानंतर मात्र कायद्याची दिशा बदलली. १९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफर्डमध्ये एका माणसानं १६ जणांना मारलं. पुढच्या वर्षी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत व्यायामशाळेत जमलेली १६ लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारणाऱ्याकडच्या बंदुका रीतसर प्रमाणपत्राच्या होत्या, म्हणजे कागद पुरेसा नव्हता. मुलांच्या आईवडिलांनी आणि शेजाऱ्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि सात लाखांच्या आसपास सह्या जमल्या. १९९७ मध्ये दोन कायदे झाले. पहिला मेजर सरकारचा, मोठ्या पिस्तुलांवर बंदी घालणारा. दुसरा ब्लेअर सरकारचा, लहान पिस्तुलंही बंद करणारा. दीड लाखाहून जास्त पिस्तुलं लोकांनी पोलिसांकडे जमा केली.

ही बंदी इतकी कडक होती की २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांत पिस्तुलाच्या स्पर्धा घेण्यासाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. नेमबाजी झाली ती बिझ्लीलाच, जिथे हॅरोची मुलं ढालीसाठी नेम धरत आली होती. आणि तिथे मुंबईच्या अंजली भागवत यांनी रायफलमध्ये चार सुवर्णपदकं जिंकली. ज्या राजवटीनं त्यांच्या पणजोबांच्या पिढीला बंदूक नाकारली, तिच्याच जुन्या मैदानावर.

आपल्या घरातली मुलं

हा सगळा इतिहास आपल्या दिवाणखान्यापर्यंत येतो. बंदुकीशी आपल्या मुलांची पहिली ओळख बहुधा दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलानं होते, दुसरी जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीनं. सुट्टीत पुण्याहून आणलेलं पिस्तूल हुबेहूब खऱ्यासारखं दिसत असेल तर ते इथे साधं खेळणं राहत नाही. अशा नकली बंदुका आयात करणं आणि विकणं २००७ पासून इथे गुन्हा आहे, आणि वाजवी कारणाशिवाय नकली बंदूक घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरणं हाही गुन्हा. ती घेऊन मूल उद्यानात गेलं आणि कुणी फोन केला, तर येणाऱ्या पोलिसांना ती दिवाळीची आहे हे दुरून कळणार नाही. भडक रंगाची आणा, किंवा आणूच नका.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे इथे शॉटगन प्रमाणपत्राला किमान वयच नाही. रायफलीसारख्या इतर बंदुकांच्या प्रमाणपत्राला ते १४ आहे. पण १५ च्या आतल्या मुलानं जोडलेली शॉटगन हाताळताना शेजारी किमान २१ वर्षांचा माणूस हवाच. छऱ्याच्या बंदुकीलाही १४ च्या आत अशीच देखरेख लागते, आणि १८ च्या आत कुणालाही बंदूक विकत घेता येत नाही. कायद्याचा भर वयापेक्षा शेजारच्या माणसावर आहे. भारतातही असंच काहीसं आहे: स्वतःच्या परवान्याला २१ वर्षं, पण देखरेखीखालच्या प्रशिक्षणाला सूट. ती सूट नसती तर कोल्हापुरातून तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे घडले नसते.

हॅरोतल्या तुमच्या मुलीनं एखाद्या छात्रपथकात नाव घातलं तर तिला रायफल शिकवली जाण्याची शक्यता आहे. घाबरून जाऊ नका. पहिला धडा नेमाचा नसतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे कधीच रोखायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. ‘थांबा’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं आणि बंदूक उघडून रिकामी दाखवायची. ज्या मुलांना हे महिनोन्‌महिने शिकवलं जातं, त्यांना बंदुकीचं आकर्षण राहतं ते कामाचं, रुबाबाचं नाही.

मात्र मैदानावरची ही शिस्त आणि घरातली सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेतल्या वाचकांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. तिथे १९८८ पासून रायफल असोसिएशनचा ‘एडी ईगल’ नावाचा कार्यक्रम लहान मुलांना बंदूक दिसल्यास काय करायचं ते शिकवतो: थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. वाक्यं चांगली आहेत आणि मुलं ती पाठही करतात. पण अभ्यासांत पुनःपुन्हा दिसलं आहे की पाठ असलेली मुलंही एकटी असताना समोर बंदूक आली की तिला हात लावतात. म्हणून तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना जबाबदारी मोठ्यांवर टाकते: घरात बंदूक नसणं सर्वांत उत्तम, असेलच तर रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. मूल मित्राकडे खेळायला जाणार असेल, तर ‘घरात कुत्रा आहे का’ हे विचारतो तसंच ‘बंदूक आहे का, कुलपात आहे का’ हेही विचारा. आपल्याला ते उद्धट वाटतं. आठवडाभरानं त्याच आईला तुम्ही शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल निःसंकोच विचारता.

पुन्हा कात्रीकडे

इंग्लंडमध्ये न्हाव्यांना परवाना हवा ही मागणी हल्ली पुन्हा जोर धरते आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय गुन्हेविरोधी यंत्रणेनं देशभर अडीचशेहून जास्त ठिकाणी, मुख्यतः न्हाव्यांच्या दुकानांवर, छापे घातले; संशय काळा पैसा रोखीच्या धंद्यातून पांढरा केल्याचा होता. त्यानंतर ‘यांना परवाना लावा’ हे सगळ्या बाजूंनी ऐकू येऊ लागलं. पण नीट पाहा: पैशांची अफरातफर हा हिशोबाचा गुन्हा आहे. केस कापण्याची परीक्षा घेऊन तो पकडता येत नाही. त्या परीक्षेत अडकेल तो नुकता आलेला, इंग्रजी कच्चं असलेला प्रामाणिक कारागीर. टेक्सासमधल्या भुवयांची गोष्ट इथे आठवावी.

खरा धोका आहे तो कात्रीत नाही, रंगात आहे. केसांच्या गडद रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. चेहरा सुजतो, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून पाकिटावर लिहिलेलं असतं: १६ च्या आत वापरू नये, आणि आधी थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. याच पाकिटावर ‘काळ्या मेंदी’बद्दलही इशारा असतो, आणि तो आपल्यासाठी आहे. खरी मेंदी रंगायला तास लागतात आणि ती तांबूस रंगते. मेळ्यात किंवा लग्नात काही मिनिटांत काळीकुट्ट होणारी ‘मेंदी’ बहुधा पीपीडीची असते, आणि ती अंगावर लावायला इथे मनाई आहे. आठव्या वर्षी हातावर काढलेली ती नक्षी पुसली जाते. शरीर ते रसायन विसरत नाही. अठराव्या वर्षी तीच मुलगी केस रंगवायला बसते आणि रुग्णालयात पोचते. इथे परवान्याची, निदान सक्तीच्या शिक्षणाची मागणी रास्त आहे, कारण अज्ञानानं इजा होते ती थेट गिऱ्हाइकाला, आणि बहुतेकदा मुलांना.

वस्तरा आणि शस्त्र यांची गाठ कायद्यानंही एका ठिकाणी बांधली आहे. १९८८ च्या कायद्यानुसार या देशात उघडा वस्तरा घेऊन रस्त्यावर फिरणं गुन्हा आहे, पण ‘सबळ कारण’ असेल तर नाही. आणि कारणांत काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही नावं घेऊन लिहिली आहेत. म्हणजे न्हावी दुकानात जाताना तोच वस्तरा पिशवीत नेऊ शकतो आणि शीख आपलं किरपाण बाळगू शकतो. कायदा इथे हत्याराकडे पाहत नाही, ते कशासाठी आहे ते विचारतो. १८७८ साली लिटनच्या कायद्यानं आपल्या लोकांना ते विचारलंच नव्हतं. त्यानं फक्त आपण कोण आहोत ते पाहिलं.

यापुढे कुणी म्हणालं, ‘याला परवाना हवा’ किंवा ‘त्याचा परवाना काढून टाका’, तर तीन गोष्टी विचारून पाहा. हा नियम नसल्यानं आजवर प्रत्यक्ष इजा कोणाला झाली? हा नियम आला तर दाराबाहेर कोण राहील? आणि तो माणसाचं काम पाहतो की माणसाची जात, रंग आणि उच्चार? डनब्लेननंतरचा कायदा या तिन्ही प्रश्नांना तोंड देऊ शकतो. लिटनचा देऊ शकत नाही. आणि साताऱ्याच्या न्हाव्यांवर जो नियम होता, तो कुठेही लिहिलेला नसूनही या सर्वांत कठोर होता.